उतलेला बिब्बा

शुक्रवार, १२ ऑक्टोबर १९३४. लोणावळा. सकाळी धुके. बयाबाई लंगडत आली, अंगात ताप. डॉक्टर गद्र्यांना निरोप धाडला.

बयाबाई भाजे गावची. मळवलीहून गाडीने यायची आणि आमच्या आळीतल्या तान्ह्या बाळांना न्हाऊ घालायची. मोरीत बसून पाय लांब करायची आणि नडग्यांवर बाळ पालथे घ्यायची. घरी कमावणारे दुसरे कोणी नव्हते. तिचे पोट त्या दोन पायांवर होते.

मांडी दुखू लागली तेव्हा लचक समजून तिने बिब्बा घातला. तो उतला. कातडी काळवंडली, फोड आले. डॉक्टरांनी ते पाहिले, बिब्ब्यावरून तिला रागे भरले आणि मलम दिले. ताप त्याचाच, म्हणाले, आणि बॅग उचलली.

तेवढ्यात तिने नेहमीप्रमाणे माझ्या तान्ह्या चंद्रिकेला न्हाऊ घालायला मागितले. डावा पाय लांब झाला. उजवा वाकलेलाच राहिला. तिने ओठ चावून जोर केला, तरी सरळ होईना. दारातून डॉक्टर परत आले. फोडांपासून दूर, मांडीच्या आतल्या बाजूला त्यांनी बोटे रुतवली. मांस फळीसारखे टणक होते.

"आधी पाय दुखला, की आधी बिब्बा घातलास?"

"दुकला म्हून तर घातला. उगं कोन घालतंय?"

"आग होते?"

"आग वरची. आत ठणकतंय."

डॉक्टरांनी मला पाणी उकळायला सांगितले. जाड सुई मांडीत खोल घातली. पिचकारीत काही येईना. आणखी आत गेली, तेव्हा दाट पिवळा पू आला. जंतू रक्तातून मांसात उतरले होते आणि बिब्ब्याखाली ते कोणाला दिसले नव्हते. आजच चिरले नाही तर बाई हाती लागणार नाही, असे ते मला बाजूला घेऊन म्हणाले. तिने ते ऐकले.

"वैनीबाई, पाय ऱ्हाईल न्हवं? पोर कशावर घिऊ मी?"

मी टांगा बोलावला.

टांग्यातून तिला दवाखान्यात नेले. चंद्रिकेला घेऊन मी बाहेरच्या बाकावर बसले. आत क्लोरोफॉर्म दिला असावा. तिचे कण्हणे थांबले. मग फक्त भांड्यात पडणाऱ्या चिमट्यांचा आवाज. डॉक्टर बाहेर आले ते हात पुसत. वाटीभर पू निघाला होता. पाय राहील, म्हणाले. सरळ होईल की नाही ते जखम भरल्यावर कळेल.

तो सरळ व्हायला होळी उजाडली. पुढे माझ्या धाकट्या अरुंधतीलाही तिनेच न्हाऊ घातले. मांडीवरच्या व्रणाबद्दल कोणी विचारले तर बिब्ब्याचा डाग म्हणून सांगे.

त्या संध्याकाळी मात्र यातले काही ठाऊक नव्हते. माझ्या रोजनिशीच्या वहीत त्या दिवसाची शेवटची ओळ अशी आहे: बाळाला अंघोळ नाही, कोमट पाण्याने पुसून घेतले.