आईच्या पाठीवरचा हात

दादांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे कान साखर कारखान्याने खाल्ले. तीस वर्षं मिलच्या आवाजात काढली आणि निवृत्त होऊन शेवगावजवळच्या आमच्या गावी आले ते जवळजवळ बहिरे होऊनच. पण त्यांच्यासारखा तळहात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. विहिरीवरच्या मोटारीला नुसता हात लावून ते बिघाड सांगत. आईचा दमा तर तिच्याआधी त्यांना कळे. दुपारी ती ओसरीतल्या बाजेवर पडली की शेजारी बसून तिच्या पाठीवर हात ठेवायचे. छातीतली घरघर हाताला लागली की उठून गोळी आणि कोमट पाणी आणायचे.

मी नगरला शिक्षिका, त्यामुळे सगळ्यांना सुधारायची खोड. गावात नुकताच एसटीडीचा पिवळा डबा आला होता, त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी दादांना कानाचं यंत्र नेलं. डबी खिशात, वायर कानात. चारचौघांसमोर म्हातारा बायकोच्या पाठीवर हात ठेवून बसतो याची मला लाजही वाटायची, खोटं कशाला बोलू. मी म्हणाले, "आता ऐकू येतंय ना दादा, मग काढा तो हात."

त्यांनी गुमान काढला. आई हसत म्हणाली, "पाठ गार पडली की गं माजी."

तिसऱ्या दिवशी दुपारी रस्त्यावरून लग्नाचा बँड चालला होता. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, दादा शेजारी बसले होते. मी आत चहा टाकत होते. बँडमधली पिपाणीसुद्धा ऐकू येते, हे सांगायला ते हरखून आत येऊन गेले. यंत्राने त्यांना बँड ऐकवला, कावळे ऐकवले, माझ्या बांगड्या ऐकवल्या. आईचा श्वास तेवढा ऐकवला नाही. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती गेलेली होती.

दादा रडले नाहीत. त्यांनी कानातली वायर काढली, डबी माझ्या हातात दिली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हाताला कळलं आसतं," एवढंच म्हणाले.

माझ्या मुठीत डबी आणि वायर एकमेकांना चिकटून ते यंत्र शिट्टी मारत होतं. बंद कसं करायचं ते मला सुचेना. दादांना काही ऐकू येत नव्हतं.