लाईन गेली का गं, सुनंदा?

आमच्या केबल ऑफिसात एक लोखंडी रॅक आहे. लोक कनेक्शन बंद करून बॉक्स परत आणून देतात, ते आम्ही तिथं रचतो. बॉक्स कधी नुसता येत नाही. कुणी पिशवीतून आणतं, कुणी जुन्या टॉवेलात गुंडाळून आणतं, आणि देताना दारात उभं राहून काहीतरी सांगून जातं. बॉक्स रॅकमध्ये राहतो, सांगितलेलं माझ्याजवळ राहतं. आता रॅकही भरत आलाय आणि मीही. म्हणून म्हटलं, थोडं तुमच्यापाशी उतरवून ठेवावं.

ऑफिस म्हणजे टीव्ही सेंटर चौकाच्या मागच्या गल्लीतला एक गाळा. माणसं तीन. मालक शकूरभाई. खांबावर चढून वायरी ओढणारे दगडूभाऊ, मूळचे पिशोरचे. आणि तक्रारीचे फोन घेणारी मी, सुनंदा. दहावी झालेली, अक्षर बरं आणि आवाज मऊ, एवढ्यावर भाईंनी मला बावीस वर्षांपूर्वी या खुर्चीत बसवलं.

यंदा भाई सारखे विचारतात, "ताई, नेटवाले आपली लाईन मागतायत. देऊन टाकू का? शटर ओढून घरी बसू."

मी म्हणते, "बघा तुम्ही." दगडूभाऊ फडक्यानं पकड पुसत बसतात.

*

पूर्वी लाईट फार जायची. ऐन मालिकेच्या वेळेला गेली की दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन! तक्रारीचे नव्हेत. "ताई, काल पुढं काय झालं?" ऑफिसात इन्व्हर्टर होता आणि टीव्ही कायम चालू. त्यामुळे अख्ख्या गल्लीत गोष्ट पुरती ठाऊक असलेली मी एकटीच.

शिंदे काकूंचा फोन तर ठरलेला. "सुनंदा, सून घराबाहेर पडली का गं शेवटी?"

एकदा मला ताप होता, मी लवकर घरी गेले होते. भाग बघितलाच नव्हता. पण काकूंना नाही कसं म्हणायचं? मी आपलं मनानंच सांगितलं. सासूनं सुनेला दारातून परत बोलावलं, दोघी स्वयंपाकघरात बसून रडल्या, मग सासूनं उठून पोहे केले.

दोन दिवसांनी काकूंचा फोन. खरं काय झालं ते त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं होतं. मी माफी मागायच्या बेतात होते.

"अगं, त्यांच्यापेक्षा तुझंच बरं होतं!" काकू म्हणाल्या.

गेल्या वर्षी त्यांच्या नातवानं वायफाय घेतलं. बॉक्स द्यायला काकू स्वतः आल्या. मी म्हटलं, "आता गोष्ट कोण सांगणार तुम्हाला?"

"आता मागं घेऊन बघता येतं गं." जाता जाता दारात थांबल्या. "पोहे मात्र कुणीच करत नाही."

*

कनेक्शन बंद झालं की वायर काढून आणायची, हा आमचा नियम. दगडूभाऊ एका गच्चीवर वायर काढायला गेले. पकड लावणार, तोच घरातली बाई धावत आली. "अहो भाऊ, वायर राहू द्या! कपडे कुठं वाळत घालू?"

वीस वर्षं दगडूभाऊ गल्लीभर ओरडत फिरले, "वायरीवर कपडे टाकू नका, चित्र हलतंय!" त्यांनी वायरीकडं बघितलं. पाच-सहा चिमटे लावूनच ठेवलेले होते.

हात हलवत परत आले. मला वाटलं, चिडले असतील. तर म्हणाले, "ताई, वीस वर्षांपूर्वी ओढली होती मी ती वायर. अजून झोल नाय!"

*

एक काका आहेत, चितेगावच्या कंपनीतून रिटायर झालेले. त्यांच्या घरी सगळे आपापल्या मोबाईलवर बघतात. मुलगा एका खोलीत, सून दुसऱ्या, नात पांघरुणात. बॉक्स आणायला दगडूभाऊ गेले तेव्हा काका रिमोट हातात धरून सोफ्यावर बसलेले.

"बॉक्स न्या," काका म्हणाले. "रिमोट राहू द्या."

"काका, बॉक्सशिवाय त्याचा काय उपयोग?"

"उपयोग नाही हो. हातात असला म्हणजे बरं वाटतं. या घरात रिमोट माझ्याकडं असायचा."

नियमानं रिमोट परत घ्यायला पाहिजे. दगडूभाऊ खाली उतरले, कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, परत वर गेले आणि रिमोटमध्ये नवे सेल टाकून आले!

*

मध्ये दगडूभाऊ नेटवाल्यांकडं कामाला विचारून आले. आम्हाला न सांगता गेले होते. आल्यावर बाकावर बसले. वय त्रेपन्न, गुडघा दुखतो, पण अजूनही शिडीशिवाय खांबावर चढतात. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"वायर जोडता येते का, ते कुणी इचारलंच नाय."

"मग काय विचारलं?"

ते माझ्याजवळ आले. भाईंना ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात म्हणाले, "ताई, माझा ईमेल काय हाय?"

*

शिंदे काकूंच्या भिंतीला भिंत लागून निकम सर राहतात. गणिताचे मास्तर होते. आता एकटेच, मुलगा पुण्याला, कानानं पार गेलेले. फोनवर त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही, म्हणून फोन करत नाहीत, उचलत नाहीत. त्यांचा टीव्ही मात्र असा लागतो की बातम्या गल्लीच्या तोंडाशी ऐकू याव्यात!

काकूंची तक्रार कित्येक वर्षं एकच. "सुनंदा, मास्तरची लाईन तेवढी अर्धा तास तोड. मला पोथी वाचायचीय."

"एकट्याची इथून तोडता येत नाही, काकू. अख्खी गल्ली जाईल."

"मग गल्ली जाऊ दे!"

बॉक्स परत केल्यावर हे फोन थांबतील असं मला वाटलं होतं. आठ दिवस थांबले. नवव्या दिवशी पुन्हा, "सुनंदा, तोड गं लाईन त्याची!"

मी हसून म्हटलं, "काकू, आता तुम्ही आमच्या गिऱ्हाईक नाही."

"मी नसेन. पण आवाज तर तुमचाच आहे ना!"

*

लाईन गेली की पहिली तक्रार कायम शकूरभाईंच्या घरून यायची. भाभींची. "ताई, उनको बोलो, घर की लाईन पहले देखो, दुनिया की बाद में!" त्यांच्या फोनवरून आम्हाला कळायचं की लाईन गेलीय.

पावसाळ्याआधी रस्त्याच्या खोदकामात मेन वायर तुटली. चार तास लाईन बंद. दगडूभाऊ खड्ड्यात उतरलेले, भाई वर उभे. थोड्या वेळानं भाई ऑफिसात आले आणि फोनकडं बघत बसले. "तुमच्या भाभींचा फोन नाही आला?"

"नाही."

त्यांनाच काळजी वाटली. त्यांनी घरी फोन लावला. "तबियत ठीक है ना? लाईन बंद है अपनी, कबसे!"

भाभींचा आवाज मलाही ऐकू आला. "बंद है? हमको क्या मालूम! बहू ने तो कबका वायफाय लगा लिया."

भाईंनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी आले ते हातात भाजीची पिशवी घेऊन. पिशवीतून बॉक्स काढला आणि रॅकच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात मागं सरकवून ठेवला. भाजी नव्हतीच.

*

आता परवाची.

नेटवाल्यांचा माणूस कागद देऊन गेला होता. भाईंनी सही केली की लाईन त्यांची, आणि आमचं ऑफिस बंद. भाई दिवसभर कागद उलटसुलट करत होते. संध्याकाळी सात वाजता, ऐन मालिकेच्या वेळेला, एकदम म्हणाले, "दगडू, बैठ. ताई, फोन पास लो. आज लाईन बंद करके देखते."

"बंद? कशाला?"

"अर्धा तास. कोण बघतंय आपल्याला, ते कळू दे. एक फोन, ताई. एक जरी आला तर कागद परत. नाही आला तर मी सही करतो."

त्यांनी स्वतःच्या हातानं मशीनचं बटण बंद केलं. ऑफिसातला टीव्ही निळा झाला. मी फोन उचलून बघितला. टोन होती.

दहा मिनिटं झाली. दगडूभाऊ म्हणाले, "जेवत असतील."

पंधरा झाली. "लोकांना वाटत असंल, येईल आपोआप."

वीस झाली. कपातल्या चहावर साय धरली. भाईंनी खिशातून पेन काढलं.

आणि फोन वाजला! दगडूभाऊ उभेच राहिले. भाईंनी खूण केली, मी स्पीकर लावला.

"सुनंदा, मी बोलतेय. शिंदे काकू."

दगडूभाऊ परत बाकावर बसले. "यांच्याकडं तर वायफाय," ते पुटपुटले.

"लाईन गेली का गं, सुनंदा?"

"काकू, तुमच्याकडं आता आपली लाईन..."

"माझं सोड! मास्तरांचा आवाज बंद झालाय. वीस मिनिटं झाली. भिंतीवर थापा मारल्या, दार वाजवलं, उघडत नाहीत. लाईन गेली असेल तर काही नाही." काकूंना धाप लागली होती. "पण गेली नसेल तर..."



भाई उठले होते. "फोन ठेवू नका, काकू," मी म्हटलं. भाईंनी बटण दाबलं. आमच्या टीव्हीवर चित्र आलं. फोनमध्ये मात्र नुसता काकूंचा श्वास. दगडूभाऊ आणि मी त्या स्पीकरवर वाकून उभे, भाई बटणाशीच. आणि मग भिंतीपलीकडून, केवढ्यानं तरी, साबणाची जाहिरात!

"आला," काकू म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "मेला, किती मोठ्यानं लावतो!" आणि फोन ठेवला.

अर्धा तास व्हायला अजून पाच मिनिटं होती. भाईंच्या एका हातात कागद होता, दुसरा अजून बटणावरच. 

शेवटी दगडूभाऊंनी हळूच विचारलं, "भाई, हा फोन मोजायचा, व्हय?"