साळवींची काशीमिऱ्याची चक्कर

त्या मंगळवारी फोनवर साळवींचं नाव दिसलं म्हणून मी नेहमीसारखं "बोला महाराज" म्हटलं. पलीकडे वहिनी होत्या. "प्राची, हे गेले गं…" एवढंच बोलल्या. छातीत दुखायला लागलं आणि रिक्षा मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. पन्नाशीही गाठली नव्हती. आता पाच आठवडे झालेत. रडून झालंय, आणि खरं सांगायचं तर मला आता त्यांच्याबद्दल बढाई मारायची आहे.

मीरा रोडला हाटकेशमध्ये एका गाळ्याच्या माळ्यावर आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी. खाली स्टीलचे डबे बनायचे, वर आम्ही प्रोग्रॅम बनवायचो. एसी फक्त सर्व्हरच्या खोलीत, आणि तिथले राजे साळवी, आमचे सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. चपला काढल्याशिवाय कुणाला आत सोडायचे नाहीत. काही अडलं की आम्ही प्रोग्रॅमवाले म्हणायचो सर्व्हर गंडलाय, ते म्हणायचे आधी तुमचा प्रोग्रॅम बघा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं… सगळ्याच कंपन्यांत चालतं तसं आमच्याकडेही चालायचं.

मी लिहिलेला पहिला मोठा प्रोग्रॅम काशीमिऱ्याच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बसवला होता. ट्रक भरला की त्यातून बिल्टी, म्हणजे मालाची पावती छापून निघायची. ती हातात पडल्याशिवाय ट्रक हलायचा नाही. तिथला सर्व्हर साळवींनी स्वतःच्या हातांनी जोडलेला. सहा महिने एक तक्रार नाही, मी हवेत. साळवी रोज डबा खाल्ला की बाइकला किक मारायचे, "काशीमिऱ्याला एक चक्कर मारून येतो." आम्हाला वाटायचं, हायवेवरच्या टपरीचा चहा आवडतो त्यांना.

मग शिमग्याला ते रत्नागिरीकडे गावी गेले आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी प्रोग्रॅम अडकला. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा. अडकताना अर्धवट पावत्या गायब व्हायच्या, बाहेर ट्रकांची रांग हायवेला लागायची. गोदामाचे शेठ म्हणाले, उचला तुमचं सामान. मी आमच्या कंपनीच्या मालकांना, सरांना ठणकावून सांगितलं, सहा महिने चाललेला प्रोग्रॅम आपोआप बिघडत नाही, सर्व्हरच गेलाय. सरांनी साळवींना बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी पालखी त्यांच्या अंगणात यायची होती. कोकणातला माणूस त्यासाठी नोकरी सोडेल, पण साळवी रात्रीच्या एसटीत बसले.

ते येईपर्यंत मला माझी चूक सापडली होती. प्रत्येक पावतीसाठी माझा प्रोग्रॅम माहितीच्या साठ्याचं एक दार उघडायचा आणि बंद करायला विसरायचा. दुपारपर्यंत दारंच संपायची. हे मी कुणालाही सांगितलं नाही. नोकरीला वर्षही झालं नव्हतं, मी घाबरले, बस्स.

गोदामाच्या केबिनमध्ये साळवी सरांना म्हणाले, "सर, मी रोज जेवायच्या सुट्टीत येऊन सर्व्हर बंद करून चालू करत होतो. मला वाटलं, मशीन मी जोडलंय, तेच कमजोर आहे. लाज वाटली, कुणाला बोललो नाही. चूक माझी."

म्हणजे ती रोजची चक्कर! सर्व्हर बंद झाला की माझी उघडी राहिलेली दारं आपोआप मिटायची. त्यांच्या लाजेखाली माझी चूक सहा महिने झाकली गेली होती. "आदमी बदलो," शेठ म्हणाले आणि सरांनी मान हलवली. तेव्हा माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "मशीन ठीक आहे सर. चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये आहे, आणि मला ती कालपासून माहितेय."

शेठनी दुरुस्तीसाठी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. बाहेर आल्यावर मी शिव्या खायला तयार उभी. साळवी म्हणाले, "तू एक दिवस गप्प बसलीस, मी सहा महिने. मोठा गुन्हेगार कोण? चल, दाखव कुठे दार उघडं राहतंय."

त्या दिवसापासून त्यांनी शिरस्ता पाडला. तक्रार आली की दोघांनी जायचं. त्यांनी माझा प्रोग्रॅम बघायचा, मी त्यांचं मशीन. "आपल्या घरातला वास आपल्याला येत नाही," असं म्हणायचे. त्यासाठी चाळिशीचा चष्मा लावून ते प्रोग्रॅम वाचायला शिकले, आणि मी चपला काढून वायरी ओळखायला. मोठ्या कंपन्यांतले लोक अजून एकमेकांवर ढकलत बसतात. आमच्या माळ्यावर मात्र गेली कित्येक वर्षं "कुणाची चूक" हे विचारलंच गेलं नाही. ही साळवींची कमाई आहे, आणि तिचा मला अतोनात अभिमान आहे.

त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. परवा गोदामातून मुनीम गुप्ताजींचा फोन आला, छपाई अडकली होती. मी बोलून गेले, "हम दोनों आते हैं."

गुप्ताजी साळवींच्या तेराव्याला आले होते. ते म्हणाले, "आइए मैडम. दोनों आइए."

मी गेले. आधी सर्व्हर पाहिला, साळवी पाहायचे तसा, वायरीपासून. ठणठणीत होता. मग माझा प्रोग्रॅम उघडला. चूक माझीच निघाली, आणि ती मी गुप्ताजींना उभ्या उभ्या सांगून टाकली.