चार नंबरच्या मशीनवरची आठ माणसं

कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्याकडं दोन गोष्टींचा ढीग साठतो. बिघडलेले कीबोर्ड आणि किस्से. कीबोर्ड निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी उचलत नाही, ते आपल्यालाच सांभाळत बसावं लागतं. आज बसलाच आहात तर थोडे तुमच्या अंगावर टाकतो. चहा सांगा तोवर.

घनसावंगीत स्टँडसमोर माझा क्लास होता. दोन हजार सालानंतरची ती दोन-चार वर्षं. तालुक्यात कॉम्प्युटर येऊन पोचले होते, लाईट मात्र मन मानेल तेव्हा यायची. क्लासमधलं चार नंबरचं मशीन इतकं जुनं, की त्याच्यावर कोर्सचं काही चालायचंच नाही. मेव्हण्यानं औरंगाबादहून एक सीडी आणली आणि त्या मशीनवर गेम टाकून दिला. तलवारी, जादू, जंगल, राक्षस असला गेम!

गेममधे आपण एक माणूस तयार करायचा. लढवय्या करा, जादूगार करा, नाही तर तिरंदाज. त्याला जंगलात न्यायचं, राक्षस मारायचे, म्हणजे तो हळूहळू मोठा होतो. एका मशीनवर अशी आठच माणसं मावायची. ही आठ माणसं कोणी अडवली असतील? विद्यार्थ्यांनी? छे! गावातल्या तीन प्रतिष्ठित गृहस्थांनी! कापडवाले कांतीसेठ, रिटायर झालेले कदम गुरुजी, आणि तीर्थपुरीची जीप चालवणारा विष्णू.

आणि गेम नीट सेव्ह करून बंद करता यायचा फक्त मला. म्हणजे माणसं त्यांची, अन् राखण माझी. घरी चार माणसं सांभाळून जीव मेटाकुटीला आल्ता, त्यात ही आठ!

*

कांतीसेठचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण सेठचा जन्म इथलाच. त्यांनी पहिल्या दिवशी एक दणकट लढवय्या तयार केला. मी म्हटलं, बरं झालं, आटपलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी दोन माणसं केली आणि गावाच्या वेशीतच उभी करून ठेवली.

"सेठ, हे दोघं लढत का न्हाईत?"

"लढायला एक पुरे. हे गोडाऊन आहेत."

"दोन्ही?"

"एकात ढाली-तलवारी, एकात औषधाच्या बाटल्या. माल मिक्स करायचा नसतो, सर."

लढवय्या जंगलात जे मिळवायचा, ते सगळं सेठ ह्या दोघांच्या पोटात भरायचे. विकायचं नावच नाही. शेवटी एकदा मीच म्हटलं, "सेठ, ह्या गेममधे भाव वाढत न्हाईत. आज विका नाही तर वर्षानं विका, भाव तोच."

सेठनं चष्मा वर केला आणि शांतपणे म्हणाले, "अजून वाढला न्हाई, असं म्हणा."

पुढं व्हायचं तेच झालं. लढवय्याला एका राक्षसानं जंगलात गाठलं. एक बाटली औषध जवळ असतं तर वाचला असता. बाटल्या भरपूर होत्या, पण सगळ्या गावात, गोडाऊनमधे! लढवय्या आडवा झाला. सेठनं लगेच विचारलं, "माल तर सुरक्षित आहे ना?"

*

कदम गुरुजींची तऱ्हा वेगळी. त्यांची माणसं दोन, एक जादूगार आणि एक तिरंदाज. दोघांना ते अगदी बराबरीनं वाढवायचे. जादूगार थोडा पुढं गेला की त्याला लगेच घरी बसवायचे आणि तिरंदाजाला जंगलात पाठवायचे.

"गुरुजी, एकालाच पुढं जाऊ द्या की. मोठे राक्षस मारता येतील."

"एक पुढं गेला की दुसरा खचतो. सगळी उमर वर्गात गेली माझी, मला शिकवू नका!"

ह्या न्यायापायी दोघंही वर्षभर ससे आणि उंदीर मारत राहिले. शेजारच्या खुर्च्यांवर कोर्सची अख्खी एक बॅच शिकून, परीक्षा देऊन, नोकरीला लागून गेली. गुरुजींचे दोघं तिथंच, उंदराच्या मागं! मी एकदा बोलून दाखवलं, तर गुरुजी म्हणाले, "पण मागं कोणीच न्हाई राहिलं, हे बघा."

*

लाईटचा एक किस्सा सांगतोच. क्लासमधे इन्व्हर्टर होता, पण तो कोर्सवाल्यांसाठी. चार नंबरला त्याची वायर नव्हती. आणि गेम असा, की लाईट गेली की सेव्ह न केलेली सगळी मेहनत पाण्यात!

मेलेल्याला पुसून त्याच्या जागी सेठनं दुसरा लढवय्या नव्यानं उभा केला होता. तो त्याच जुन्या राक्षसाशी भिडलेला. राक्षस अर्धा मेलेला. तेवढ्यात गल्लीतला लायनमन खांबाजवळ दिसला. सेठ धोतर सावरत बाहेर पळाले.

"पाच मिनिटं थांबा हो, मारून राह्यलो त्याला!"

लायनमन हबकला. "कोणाला?"

"राक्षसाला!"

लायनमननं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. तो बिचारा म्हणाला, "सेठ, लाईट वरून जाते, माझ्या हातात काय न्हाई. तुम्ही राक्षसालाच थांबायला सांगा."

आणि लाईट गेली.

*

मला सगळ्यात जास्त वैताग द्यायचा तो घरचा फोन. हे लोक दिवसभर आपापल्या नादात, अन् संध्याकाळी जेवायला बसलं की ह्यांना आपली माणसं आठवायची!

एकदा गुरुजींचा फोन आला. "सर, आपले जादूगार कुठं आहेत?"

"जंगलात, गुरुजी."

"एकटेच?"

"हो."

"अहो, वय झालंय त्यांचं! गावात आणून बसवायचं न्हाई का?"

मी म्हटलं, उद्या सकाळी आणतो. तर म्हणाले, "उद्या कशाला? आत्ताच जाऊन या ना जल्दी. मला जेवण जाणार न्हाई."

मी चप्पल घातली. शैला, माझी बायको, ताट वाढून बसली होती. तिनं विचारलं, "कुठं निघालात?"

"गुरुजींच्या म्हाताऱ्याला जंगलातून आणायला."

शैला माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "येताना डॉक्टरकडं विचारून या. आईंचे डोळे दाखवायचेत, महिना झाला मी सांगून राह्यले. त्या पण म्हाताऱ्याच आहेत."

मी चप्पल काढली आणि जेवलो. सकाळी आधी आईला दवाखान्यात नेलं. जादूगार रात्रभर जंगलात उभे होते, त्यांना काहीही झालं नाही. त्यांना कोण काय करणार? मशीन बंद होतं!

*

आता विष्णू. ह्याच्यासाठीच तर एवढं सांगत आलोय.

विष्णू जीप चालवायचा, पण जीप दुसऱ्याची. स्वभावानं सोन्यासारखा माणूस. एकच खोड, गच्च भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही. माणसं बॉनेटपर्यंत आली तरी ह्याचं आपलं, "अजून एक येऊ द्या." तो अजून एक येईपर्यंत विष्णू माझ्याकडं चार नंबरवर येऊन बसायचा.

त्याची तीन माणसं होती, कारण त्याचे तीन प्लॅन होते. एक तलवारीचा, एक धनुष्याचा, एक जादूचा. कोणता पुढं न्यायचा ते ठरत नव्हतं. गेममधे माणूस थोडा मोठा झाला की पॉईंट मिळतात. ते पॉईंट ताकदीला द्यायचे, नाही तर अकलेला, नाही तर चपळाईला. एकदा दिले की परत घेता येत नाहीत. विष्णू ते कधी द्यायचाच नाही! तिघांचेही पॉईंट तसेच पडून.

"विष्णू, अरे दे की कशालातरी. असं हडकुळं कशाला फिरवतोस त्यांना?"

"पुढं काय लागंल काय सांगावं, सर? आत्ता ताकदीला दिले अन् मंग अक्कल लागली तर?"

"मेला तर ना ताकद ना अक्कल!"

"ते बी बराबर आहे," म्हणायचा, आणि मशीन सोडून उठायचा.

ह्याच्यावर आम्ही फार हसायचो. पण मग त्याच्या घरचं कळलं, आणि माझं हसणं कमी झालं.

विष्णूची बायको मंगल, माहेर धावड्याचं. तीर्थपुरी रोडवरच्या शेतात विष्णूच्या भावांचं एकत्र घर, त्यात हे दोघं. विष्णूनं लग्नातच सांगितलं होतं, की स्टँडजवळ खोली घेऊन वेगळं राहू. मग म्हणाला, एकत्रच राहू. मग परत वेगळं. खोली बघून यायचा, हो म्हणून यायचा, अन् दुसऱ्या दिवशी नाही म्हणून यायचा. मंगलनं दोनदा भांडी बांधली आणि दोनदा सोडली. तिसऱ्यांदा ती भांडी तशीच ठेवून धावड्याला निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "वेगळं म्हणा, एकत्र म्हणा, मला दोन्ही चालंल. पण काय ते ठरवा, अन् मंग न्यायला या."

विष्णू दोनदा धावड्याला गेल्ता. दोन्ही वेळा मंगलनं दारातच विचारलं, "ठरलं का?"

विष्णू म्हणाला, "ठरवून राह्यलो."

दोन्ही वेळा चहा पिऊन परत आला.

*

त्यानंतर एक दिवस विष्णू म्हणाला, "सर, मला चौथा माणूस करायचाय. वैद्य. मारामारी न्हाई, फक्त लोकांना बरं करायचं. हा प्लॅन बिलकुल पक्का."

आता जागा आठच. नवा आणायचा तर जुना एक पुसावा लागणार. सेठला विचारलं, तर सेठ उसळले, "चालू गोडाऊन कोणी पाडतं का?" गुरुजी म्हणाले, "माझ्यातला एक काढला तर दुसरा खचेल." म्हणजे विष्णूनं स्वतःच्याच तिघांपैकी एक पुसायचा.

विष्णू पडद्यापुढं बसला. एकदा तलवारवाल्यावर बोट न्यायचा, एकदा धनुष्यवाल्यावर. बाहेर जीप भरली. खरोखर गच्च भरली, हो! सवाऱ्या हॉर्न वाजवून वाजवून दमल्या. शेवटी काठी टेकत एक आजीबाई आत आल्या.

"काय रे बाबा, कोणी वारलं का?"

"न्हाई आजी, कोणाला काढावं ते ठरवून राह्यलो."

"तू ठरव निवांत," आजी म्हणाल्या, "आम्ही एसटीनं जातो."

आणि जीप रिकामी झाली! विष्णू बाहेर जाऊन बघून आला, परत बसला, आणि मला हळूच म्हणाला, "सर, माझ्या हातून काहीच होत न्हाई का हो?"

मी चेष्टा करणार होतो, पण त्याचे डोळे बघून नाही केली. फार वाईट वाटलं त्या दिवशी. त्याला चहा पाजला, दुसरं काय करणार?

*

आणि मग तो दिवस. भर दुपार, बाजारही नव्हता, रस्ता सामसूम. क्लासमधे आम्ही नेहमीचेच. विष्णू चार नंबरवर, मागं सेठ आणि गुरुजी. बाहेर जीप उभी, आत एकही सवारी नाही.

दारात एक बाई आली. हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर प्रवासाची धूळ. "तीर्थपुरीच्या जीपचे ड्रायव्हर इथं बसतात म्हणले."

विष्णू उभाच राहिला. "मंगल? तू? एकटी आलीस?"

"तुमची वाट बघितली. मंग एसटीची बघितली. एसटी आली," मंगल म्हणाली.

मी खुर्ची दिली. ती बसली आणि पडद्याकडं बघायला लागली. तिथं विष्णूचा तलवारवाला उभा होता, तोच हडकुळा.

"हे काय, भाऊ?" तिनं मला विचारलं.

मी सांगितलं. हा विष्णूचा माणूस, हे त्याचे पॉईंट, ते ताकदीला द्या, नाही तर अकलेला, नाही तर चपळाईला.

"दिल्यावर काय होतं?"

"तो तसा होतो."

"अन् न्हाई दिले तर?"

"असाच राहतो."

मंगलनं विष्णूकडं बघितलं. विष्णू जमिनीकडं बघत होता.

"किती दिवसाचे साठलेत?"

मी म्हटलं, "पहिल्यापासूनचे सगळे."

"बटन कोणतं?"

मी दाखवलं. तिनं बोट ठेवलं आणि दाबायला लागली. थांबेचना! इंग्रजीत काय लिहिलंय ते तिनं विचारलंही नाही. विष्णू ओरडला, "अगं, बघ तरी कशाला देऊन राह्यलीस!" सेठनं कपाळाला हात लावला, "गेला! सगळा माल एकाच भावात काढला!" गुरुजी म्हणाले, "निदान सगळीकडं सारखं वाटायचं!" मंगल दाबतच राहिली, पॉईंट संपेपर्यंत.

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आता हे मागं घेता येतं का?"

"न्हाई."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई, ताई."

"बरं झालं," ती म्हणाली. पिशवी उचलली, बाहेर गेली आणि जीपमधे ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसली.

विष्णूनं एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा दाराकडं. खिशातून चावी काढली आणि गेला. जीप सुरू झाल्याचा आवाज आला. आम्ही तिघंही दारात धावलो.

कांतीसेठ जीव तोडून ओरडले, "अरे विष्णू, थांब! एक बी सवारी न्हाई, जीप रिकामीच चालली!"

विष्णू थांबला नाही.