कतीफच्या खजुराखाली कॅरोलिनाचा सातबारा

मोटारीच्या कपहोल्डरमध्ये स्टीलचा पेला बसत नाही, या अन्यायाची एकाही आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अद्याप दखल घेतलेली नाही. रियाधहून किनाऱ्यावरच्या कतीफपर्यंतचे चार तास मी चहा आधी मांडीवर सांभाळला, मग मांडीत.

गाडी वॉल्टरची. हा आमचा काळा अमेरिकन शेजारी एरवी गडगडाटी हसतो. त्या शुक्रवारी गप्प. माझ्या बायकोने, नीताने, कारण काढून घेतलंच. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या अखेरीस मळेवाल्यांच्या जप्त जमिनी सुटलेल्या गुलामांसाठी राखून ठेवल्या होत्या. वॉल्टरच्या खापरपणजोबांना कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर तुकडा मिळाला. पेरणी झाली, आणि सरकारने जमीन जुन्या मालकाला परत केली!

"सातबारा नावावर नव्हता," मी निदान केलं.

पुढे म्हाताऱ्याने मजुरी करून त्यातलीच थोडी विकत घेतली. ती आजही सामाईक. आता चुलतभाऊ क्लाइड सोमवारी आपला हिस्सा रिसॉर्टवाल्याला विकणार; मग तो रिसॉर्टवाला कोर्टातून सगळीच विकायला लावणार.

"थेट आमच्या गुहागरची भाऊबंदकी!" नीता म्हणाली.

कतीफला जाणाऱ्यांनी शुक्रवारी नमाज आटोपल्यावरच पोहोचावं, आधी सगळं बंद. बाजारात हमूर मासा निवडा, शेजारीच तळून देतात. भातासकट तिघांचं शंभर-सव्वाशे रियालांत भागलं. मग खजुराच्या बागेत गेलो. मालकाने चटई टाकली, कहवा ओतला.

"वॉल्टरभाऊ, क्लाइडला जेवायला कधी बोलावलं होतंत?" नीताने विचारलं.

"वकिलाची पत्रं पाठवली ना!"

"पत्रं खातात का?"

"असले भाऊ जेवणाने वळत नाहीत," मी म्हणालो. "वळला तर आठवडाभर भांडी मी घासीन."

वॉल्टरने फोन स्पीकरवर लावला. तिकडे नुकतं उजाडलं होतं.

"जुनं घर रंगवलंत, मला फोटोत दिसलं!" क्लाइड कडाडला. "मी कोण? पाहुणा?"

"चुकलं. ईस्टरला ये. खेकडे तू उकड."

क्लाइडने तोंडाने च्यॅक केलं.

"तुला ते कधी जमलेच नाहीत. चिवट करतोस… बरं, नाही विकत. ठेव फोन."

"खलास! मिटलं!" वॉल्टर असा ओरडला की मालकाच्या हातून कहवा सांडला. कारण कळल्यावर त्याने आम्हाला खजुराचा डबाच दिला.

परतीला वॉल्टर रियाधपर्यंत गात होता, भयंकर. युद्ध, जप्ती, सरकार या सगळ्यांना पुरून उरलेली जमीन शेवटी खेकड्यांच्या आमंत्रणावर तगली, याचं घरी आल्यावरही हसू येत होतं.

नीता फोनवर माहेरी ही हकीकत मीठमसाला लावून सांगत बसली. मी स्वयंपाकघराचं दार लोटलं, बाह्या सरसावल्या आणि कढईपासून सुरुवात केली.