विहिरीचा अस्सल कागद

मुलांनो, कागदावर इतका आणि माणसांवर इतका कमी विश्वास ठेवणारा गृहस्थ तुमच्या आजोबांच्या या मित्राखेरीज साऱ्या मराठवाड्यात झाला नसेल. औरंगाबादच्या एका शाळेत ते इतिहास शिकवत. लग्नानंतर आजोबांनी "ही माझी बायको" म्हणून माझी ओळख करून दिली, तेव्हा नमस्काराआधी त्यांनी विचारलं, "लग्नपत्रिका जपून ठेवलीय ना, वहिनी? पुढं कुणी मानायचं नाही." गुलमंडीवर वाणसामान घ्यायला गेले की त्यांचं लक्ष मालापेक्षा पुडीवर. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर घरोघरची जुनी दप्तरं रद्दीत निघाली होती. मोडी अक्षरांची पुडी दिसली की ते साखर तिथल्या तिथे टोपीत ओतून घेत आणि पुडी वाचत घरी येत. मागून मुंग्यांची रांग येई, असं आजोबा म्हणत. मी स्वतः ती पाहिलेली नाही.

देवगाव रंगारीच्या वाटेवर त्यांचं गाव. गावाचा इतिहास त्यांनी लिहून पुरा केला होता, एक ओळ सोडून. मोठी विहीर कुणी बांधली? गाव म्हणे, देशमुखांनी. त्यांची आई म्हणे, एका रंगारणीनं, अंगावरचे दागिने मोडून. म्हातारी ऐंशीची झाली होती आणि डोळे मिटण्याआधी ती ओळ पुस्तकातून ऐकायची, एवढीच तिची इच्छा उरली होती. लेक मात्र ठाम. "आई झाली म्हणून काय झालं? ते सगळं ऐकीव. अस्सल कागद नाही, तर ओळ नाही."

तो कागद त्यांनी पाच वर्षं हैदराबादच्या कचेऱ्यांत शोधला. त्या गावचे पटवारी म्हणजे माझेच सासरे, पण ओळखीच्या घरी जाऊन विचारणं त्यांना शास्त्रीय वाटत नव्हतं. सासरे वारल्यावर सासूबाई औरंगाबादला आमच्याकडे राहायला आल्या; त्यानंतरही बऱ्याच काळानं हे गृहस्थ एकदाचे आमच्या दारी आले. सासूबाई ज्वारी निवडत होत्या.

"काकू, काकांचं दप्तर कुठंय? विहिरीचा कागद बघायचाय."

सासूबाईंनी मांडीवरची टोपली पुढे केली. कागदाच्या लगद्यात मेथी वाटून घालून ती आतबाहेर लिंपलेली होती. "हे काय. तीन झाल्या. लई मजबूत."

"काकू! दप्तर भिजवलं?"

"मग? निजामाचं राज गेलं. त्याचे कागद ठिवून काय त्याला माघारी बोलवायचंय व्हय?"

भिंग लावून ते तासभर टोपली वाचत बसले. अर्धा शिक्का सापडला. नखाने एक पोपडा काढायला गेले, तर सासूबाईंनी हातावर चापट मारली.

"विहिरीचा कागद ना? दर उन्हाळ्यात पाण्यावरून भांडण पेटलं की आमचे हे ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे. गाव देशमुखाला भिऊन ऐकलं न ऐकलं करायचं. मी दाराआड. पाठ हाय मला." आणि रंगारणीच्या नावापासून साक्षीदारांपर्यंत सगळा कागद त्यांनी घडाघडा म्हणून दाखवला.

"पण हे ऐकीव झालं, काकू." त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

"ऐकीव? या कानांनी ऐकला, या हातांनी भिजवला. तुझ्या त्या कागदाला माझ्याइतकं जवळून कुणी बघितलंय, ते सांग!"

मग त्यांनी रीतसर जबानी घेतली. दोन तास उलटतपासणी चालली; लिहायला मी. जन्मसाल विचारलं, तर "मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली." शेवटी सासूबाईंचा अंगठा उठवून घेतला, ओळ लिहिली आणि सकाळच्या पहिल्या गाडीने ती आईला वाचून दाखवायला गावी गेले.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "कागद गावला व्हय?"

"नाही. मित्राच्या आईनं सांगितलं."

"अस्सं. म्हंजी दुसऱ्याच्या आईचं खरं."

हे आम्हाला सांगताना ते हसत होते, आणि मध्येच चष्मा पुसायला लागले. पुढच्या रविवारपासून ते कोरी वही घेऊन आईजवळ जाऊन बसू लागले. "सांग, आई. तारीख नसली तरी चालंल." माहेरची वाट, जात्यावरची गाणी, गेलेली दोन मुलं, असं काय काय ती सांगत राहिली. हिवाळा संपायच्या आत ती गेली.

वही त्यांनी माझ्याकडे सांभाळायला दिली. अकरा पानं भरली आहेत.