दोन इंच कमी

नुकत्याच कापलेल्या गवताचा वास आला की मला अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलजवळच्या एका हायस्कूलचं मैदान आठवतं. आईबाबांची आयटीची वाट सोडून मी एका कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमसाठी खेळाडू हेरायच्या कामाला नुकताच लागलो होतो, आणि त्या दिवशी आमचे वयस्कर हेडकोच बरोबर होते. बघायचा होता एक लाइनमन, म्हणजे ज्याच्या हाती बॉल कधीच येत नाही, ज्यानं फक्त समोरच्याला अडवून धरायचं. "उंचीला दोन इंच कमी आहे. चल, निघू," कोच म्हणाले. मी म्हटलं, "सर, जरा त्याचे पाय बघा." समोरचा धिप्पाड पोरगा तीनदा अंगावर धावून आला आणि तिन्ही वेळा हा गुडघ्यांत वाकून, छोटी पावलं टाकत त्याच्यापुढे हजर. चौथ्यांदा तर यानं त्याला आडवंच पाडलं, आणि शिट्टी वाजताच हात देऊन उठवलं. "तुझा अंदाज चुकला तर?" कोचनी विचारलं. "तर उद्यापासून मला कामावर ठेवू नका," मी म्हणालो. ते हसले आणि परत बाकावर बसले. पुढची चार वर्षं तो आमच्याकडे खेळला, शेवटचं वर्ष कॅप्टन म्हणून. आता तो स्वतःच एका शाळेत कोच आहे. परवा त्याचा फोन आला, "सर, माझ्याकडे एक पोरगा आहे. बघायला याल?" मी म्हटलं, "शनिवारी सकाळी पोचतो."